चार वर्षांची परवानगी

ही गोष्ट माझ्या निकालापासून सुरू होते, त्याबद्दल आधीच माफी मागतो. निकाल काही सांगण्यासारखा नव्हता.

मी तेव्हा महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत ट्रेनिंगला होतो. काम ईटीपीवर, म्हणजे कारखान्याचे सांडपाणी साफ करतात तिथे. दिवसातून तीनदा बाटलीत नमुना भरायचा, पीएच बघायचा, लॅबमध्ये सीओडी लावायचा आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा. दुपारी रूम पार्टनरचा फोन आला, निकाल लागला. माझे तीन विषय राहिले होते. एक जुना, दोन नवे. माझा चेहरा बघून तिथल्या ऑपरेटर काकांनी चहा मागवला आणि म्हणाले की कॉन्ट्रॅक्टवर हेल्पर म्हणून लागायचं असेल तर सुपरवायझरशी बोलतो. त्यांनी अगदी चांगल्या मनाने सांगितलं. पोलादपूरला घरी पैशाची गरज होतीच. खरं सांगतो, चहा संपेपर्यंत माझं कॉलेज सोडायचं जवळजवळ ठरलं होतं.

संध्याकाळी महाड स्टँडवर पोलादपूरच्या गाडीला वेळ होता म्हणून चालत चवदार तळ्यावर गेलो. पायऱ्यांवर बसून मोबाईलवर मार्कशीट पुन्हा उघडली. (असा निकाल माणूस दहा वेळा उघडून बघतो, जणू अकराव्या वेळी मार्क वाढणार आहेत.) त्या कागदावर सगळ्यात वर विद्यापीठाचे नाव असते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, लोणेरे. खाली माझे तीन विषय, समोर तळ्यातला बाबासाहेबांचा पुतळा. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की नावाच्या आधीचं ते 'डॉ.' कसं आलं, किती वर्षांत आलं, हे आपल्याला काहीच माहीत नाही. जयंतीला भाषण केलंय, शाळेत निबंध लिहिलाय, पण हे नाही माहीत.

कॉलेज उघडल्यावर लायब्ररीतून धनंजय कीर आणि चां. भ. खैरमोडे यांनी लिहिलेली चरित्रे काढली. खैरमोड्यांचे चरित्र अनेक खंडांचे आहे, सगळे वाचले असे म्हणणार नाही. पण जे वाचले ते सांगतो.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. म्हणजे आपल्या महाडचे शेजारीच, सावित्रीच्या पलीकडे. जन्म मात्र १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला, कारण वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. साताऱ्याची शाळा, वर्गात वेगळे बसणे, पाणी वरून ओतून पिणे, हे आपण सगळ्यांनी वाचलेले आहे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ मार्कांनी. होस्टेलवाल्यांनी टक्केवारी काढून बघावी. १९१२ च्या बी. ए. च्या परीक्षेत ते पास झाले आणि फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील गेले.

त्याच वर्षी बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी त्यांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. अट अशी की परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करायची. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये एम. ए. झाले, पुढच्या प्रबंधाचे काम केले आणि १९१६ मध्ये थेट लंडन गाठले. तिथे एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातले. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन.

आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली. मुदत वाढवून मिळाली नाही. बडोद्याहून परत या असा निरोप आला.

आता त्यांची परिस्थिती बघा. कोलंबियात काम झाले होते, पण तिथला तेव्हाचा नियम असा की प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय पीएच. डी. हातात मिळत नाही. छापायला पैसे कुठले? लंडनचा प्रबंध अर्धवट. बॅरिस्टरी अर्धवट. म्हणजे तीन ठिकाणी नाव आणि तिन्ही ठिकाणी शेवटची पदवी हातात नाही. वर युरोपात पहिले महायुद्ध चाललेले. आपल्या भाषेत सांगायचे तर सगळे विषय बॅक आणि फी भरायला पैसे नाहीत.

इथे त्यांनी एक गोष्ट केली, जी मला सगळ्या चरित्रात सगळ्यात महत्त्वाची वाटली. चरित्रात ती दोन-चार ओळींत येते. निघण्याआधी त्यांनी आपले प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. बस्स. खिशात पैसे नव्हते, परत कसे येणार हे माहीत नव्हते, पण शेवटची तारीख पक्की करून घेतली. ऑक्टोबर १९२१.

मागच्या वर्षी आपल्याकडे 'गोल सेटिंग'वर एक सेशन झालं होतं, आठवत असेल. प्रत्येकाला एक कोरा कागद दिला होता आणि पाच वर्षांची ध्येयं लिहायला सांगितली होती. माझा कागद अजून गादीखाली आहे. त्यावर लिहिलंय: चांगली नोकरी, चांगलं पॅकेज, आईबाबांना सुखात ठेवणे. एकही तारीख नाही. कुठल्या ऑफिसात कुणाला भेटायचं हे नाही. किती पैसे लागतील तेही नाही. सेशन वाईट नव्हतं, कागद माझा होता.

परतीचा प्रवासही धड झाला नाही. पुस्तके आणि सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते, ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. इतक्या वर्षांत पोटाला चिमटा काढून जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. सामानाची जी काही भरपाई मिळाली तिच्यातूनच बडोद्याला जायचा खर्च निघाला. बडोद्यात काय झाले तेही प्रसिद्ध आहे. ऑफिसात शिपाई लांबून कागद टाकायचे, राहायला कुणी जागा देईना, शेवटी एका पारशी धर्मशाळेत राहिले तर तिथूनही लोक काठ्या घेऊन बाहेर काढायला आले. काही दिवसांतच ते मुंबईला परतले. दहा वर्षांच्या नोकरीचा करार होता, ती दहा महिनेही झाली नाही.

घड्याळ मात्र चालू होते. एक वर्ष असेच गेले. शिकवण्या केल्या, शेअर आणि गुंतवणुकीचा सल्ला देण्याचे छोटे ऑफिस काढले, पण सल्ला देणारा कोण आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईना. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली, पगार महिना ४५० रुपये. त्या काळात ही मोठी रक्कम. तिथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी घ्यायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. अर्थशास्त्र शिकवायला चालते, पाणी प्यायला चालत नाही. पाणी या माणसाचा पिच्छा सोडत नाही, हे वाचताना सारखे जाणवते.

४५० रुपये पगारात माणूस चांगले घर बघेल. बाबासाहेब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांतच राहिले. घरखर्चाला ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हातात द्यायची आणि बाकीची लंडनसाठी बाजूला. त्या रकमेत रमाबाईंनी स्वतःचा मुलगा यशवंत, थोरल्या जावेचा संसार, सगळे सांभाळले. इथे मला थोडे थांबावेसे वाटते. ध्येयाच्या गोष्टी सांगणारे लोक याचा हिशेब सहसा सांगत नाहीत. बाबासाहेबांची पाच मुले, त्यातली चार लहानपणीच गेली. रमाबाई १९३५ मध्ये गेल्या. ध्येय बाबासाहेबांचे होते, पण त्याची किंमत परळच्या त्या दोन खोल्यांतही भरली जात होती, आणि भरणाऱ्या बाईला लंडन बघायला मिळाले नाही. हे वाचताना मला माझ्या आईचा फोन आठवला. ती निकालाचं काहीच विचारत नाही, जेवलास का एवढंच विचारते.

मार्च १९२० मध्ये त्यांनी सिडनहॅमची नोकरी सोडली. त्याआधी ३१ जानेवारीला 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले होते. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून ५,००० रुपये उसने, एवढ्यावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. चार वर्षांपैकी पावणेतीन वर्षे संपली होती. सव्वा वर्ष शिल्लक होते. पगाराची नोकरी सोडून, कर्ज काढून, अर्धवट राहिलेले विषय पुरे करायला समुद्रापार जाणारा २९ वर्षांचा संसारी माणूस. आपल्या गावात असं कुणी केलं तर लोक काय म्हणतील?

लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचन. जेवण बेताचेच. रात्री भूक लागली की कुणी ओळखीच्याने दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे आणि वर कपभर गरम पेय. मेसला नावं ठेवणाऱ्यांनी (मी पण त्यातच) हे एकदा वाचावं. जून १९२१ मध्ये लंडनची एम. एस्सी. मिळाली. मुदत ऑक्टोबरची होती.

आता डी. एस्सी. विषय रुपयाचा. त्या काळात रुपयाची किंमत ब्रिटिश पौंडाशी बांधलेली होती आणि ती कशी टिकवायची यावर मोठे वाद चालू होते. सरकारच्या हातात चलन वाढवण्याची जी मोकळीक होती तिच्यामुळे रुपयाची खरी किंमत, म्हणजे बाजारात त्याला काय मिळते ते, घसरते आणि मार गरिबाला बसतो, म्हणून त्या मोकळिकीला बांध घातला पाहिजे, असे साधारण त्यांचे म्हणणे. मी केमिकलचा विद्यार्थी, यापेक्षा जास्त समजले असा आव आणत नाही. ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध सादर केला. बॅरिस्टरीही पुरी झाली. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी कळवले की प्रबंध या स्वरूपात घेता येणार नाही, पुन्हा लिहा.

पैसे संपले होते. लंडनमध्ये थांबणे शक्य नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, पुन्हा एकदा काम अर्धवट सोडून. पण या वेळी प्रबंध बरोबर होता. मुंबईत बसून त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत, आणि प्रबंध परत लंडनला पाठवला. १९२३ संपायच्या आत डी. एस्सी. मिळाली आणि पुस्तकही लंडनला छापून निघाले.

राहिली कोलंबिया. प्रबंध १९२५ मध्ये छापून निघाला, प्रती गेल्या, आणि पीएच. डी. प्रत्यक्ष बहाल झाली ८ जून १९२७ रोजी. १९१३ साली ज्या विद्यापीठात पाऊल ठेवले त्याची शेवटची पदवी चौदा वर्षांनी. मार्कशीटवरच्या त्या दोन अक्षरांना एवढा वेळ लागलेला आहे.

जाता जाता एक. पुढे डिसेंबर १९२५ मध्ये चलनाबद्दल नेमलेल्या हिल्टन यंग आयोगासमोर बाबासाहेबांनी साक्ष दिली. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक सुरू झाली आणि १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले चिंतामणराव देशमुख, ज्यांचा जन्म रायगडच्या वाटेवरच्या नाते गावचा. रिझर्व्ह बँक एकट्या बाबासाहेबांनी स्थापन केली असे मेसेज मोबाईलवर फिरतात. तसे नाही. पण रुपयावर इतक्या मुळापासून विचार केलेली दोन माणसे आपल्या या पट्ट्याशी जोडलेली आहेत, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

आता १९२७ मध्ये येऊ, म्हणजे महाडला.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला होता की सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर. तीन वर्षे झाली तरी पाण्याला हात लावायची कुणाची हिंमत झाली नव्हती. महाड भागातले तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे आणि इतरांनी परिषद भरवायचे ठरवले, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे ही मंडळी बरोबर होती. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद झाली. परिषदेला आलेल्या लोकांसाठी पाणी विकत घ्यावे लागले, चाळीस रुपयांचे. तळे समोर असताना! २० तारखेला बाबासाहेब हजारो लोकांसह शिस्तीत चालत तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले.

त्यानंतर दोन तासांत गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मंडपात जेवत असलेल्या, गावी परत निघालेल्या लोकांवर काठ्यांनी हल्ला झाला. बाबासाहेब डाकबंगल्यात होते. आलेल्यांत सैन्यातून परतलेले पेन्शनर कितीतरी होते, हात उचलायला ते तयारच होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले.

मग गावातल्या काही जणांनी तळे शुद्ध केले. दही, दूध, शेण, गोमूत्र घातलेल्या पाण्याच्या १०८ घागरी मंत्र म्हणून तळ्यात ओतल्या. मी ईटीपीवर काम केलेला माणूस, मला एवढंच कळतं की शेण आणि दही घातल्याने पाण्याचा सीओडी वाढतो, कमी होत नाही. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावही मागे घेतला. म्हणजे कागदावर होते तेही गेले.

बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. १२ डिसेंबरला विरोधकांनी महाडच्या कोर्टात दावा लावला की तळे खाजगी आहे, अस्पृश्यांनी ते न वापरण्याची परंपरा आहे, आणि १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दाव्यात प्रतिवादी स्वतः बाबासाहेब. तरीही २४ तारखेला ते लोकांना घेऊन मुंबईहून बोटीने हरिहरेश्वरला, तिथून खाडीने दासगावला आले. दासगावहून लोक चालत महाडला पोचले. मंडपाला जागा गावात मिळेना, ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली. तळ्यावर जायला जवळजवळ चार हजार लोकांनी नावे दिली होती, तुरुंगात जायच्या तयारीने.

आणि पाणी घेतले नाही.

हा भाग मी तीनदा वाचला, कारण पहिल्यांदा मला तो आवडला नव्हता. एवढे लोक आलेत, भाकऱ्या बांधून, बोटीने, पायी. घोषणा आधीच झालेली. त्यातून माघार? कलेक्टरांनी येऊन कोर्टाचा हुकूम पाळा म्हणून सांगितले होते. मंडपात वाद झाला, पुष्कळांना आत्ताच तळ्यावर जायचे होते. बाबासाहेबांनी दुसऱ्या बाजूने विचार केला. मार्चमध्ये पाणी पिऊन झाले होते, ते पुन्हा पिऊन नवीन काही सिद्ध होणार नव्हते. मनाई हुकूम मोडला तर भांडण सरकारशी सुरू होणार आणि ज्यांनी दावा लावला ते बाजूला राहून गंमत बघणार. उलट दावा जिंकला तर हक्क कायमचा, पोलीस असो नसो, बाबासाहेब असोत नसोत. सत्याग्रह पुढे ढकलायचा ठरला. लोक मिरवणुकीने तळ्याला फेरी मारून परत गेले. चार हजार लोकांना, ज्यांनी तुम्हाला पुढारी केलं त्यांना, थांबा म्हणून सांगणं म्हणजे काय, हे गॅदरिंगचं कमिटीत काम केलेल्याला थोडं कळेल. मला तरी वाटतं, पाणी पिण्यापेक्षा न पिणं त्या दिवशी जास्त अवघड होतं.

मग कोर्ट. ज्याला आपण तारीख पे तारीख म्हणतो ते. मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, पण दावा चालूच राहिला. या काळात ते वकिली करत होते, पोटासाठी अकाउंटन्सीच्या एका संस्थेत व्यापारी कायद्यावर तासही घेत होते, कायदेमंडळात होते, १९३० आणि १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला लंडनला गेले. महाडचा दावा मागे पडला नाही. ८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने विरोधकांचा दावा फेटाळला. ते ठाण्याला अपिलात गेले, तिथे जानेवारी १९३३ मध्ये हरले. मग मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी निकाल दिला की अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची रूढी विरोधकांना सिद्ध करता आलेली नाही. (हेच ब्रूमफील्ड १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे.) २० मार्च १९२७ पासून मोजले तर दहा वर्षांना तीन दिवस कमी.

पुढचे आयुष्य आपल्या सर्वांना पाठ आहे, म्हणून भरभर सांगतो. ऑगस्ट १९४७ मध्ये घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली गेली. कायदेमंत्री म्हणून हिंदू कोड बिल मंजूर व्हावे यासाठी झटले, ते अडले म्हणून १९५१ मध्ये राजीनामा दिला. त्या बिलाचे तुकडे होऊन १९५५-५६ मध्ये वेगवेगळे कायदे झाले, तेव्हा ते मंत्री नव्हते. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी जाहीर केले होते की हिंदू म्हणून मरणार नाही. नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. एकवीस वर्षे आणि एक दिवस. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले.

माझ्या तीन विषयांची या आयुष्याशी तुलना करायला मी वेडा नाही. त्यांच्या वाटेत जे आडवे आले त्यातले काहीच माझ्या वाटेत नाही. मला पाणी कुणी अडवलेलं नाही, पुस्तकं बुडालेली नाहीत. विषय राहिले कारण मी अभ्यास केला नव्हता. पण १९१७ सालच्या त्या एका परवानगीने मला जरा हलवलं. म्हणून एका सोमवारी कॉलेजच्या ऑफिसात गेलो आणि मॅडमना दोन गोष्टी विचारल्या. पदवी पुरी करायला जास्तीत जास्त किती वर्षं मिळतात, आणि राहिलेल्या विषयांचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणती. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, दुसरं सगळे विचारतात, तेही तारीख उलटून गेल्यावर, पण पहिलं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग सर्क्युलर काढून दाखवलं.

ऑपरेटर काकांना फोन केला, आत्ता जमणार नाही म्हणून. ते रागावले नाहीत. सुट्टीत ये म्हणाले, तेवढेच चार पैसे. परीक्षेची फी किती, सुट्टीत किती दिवस काम मिळेल, एसटीचा पास किती, हे सगळं एका कागदावर मांडलं. गादीखालचा जुना कागद काढून त्याच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर. त्यावर आता दोन तारखा आहेत, तीन विषय आहेत आणि त्यांच्यापुढे शिकवणाऱ्या सरांची नावं. पहिला पेपर मास ट्रान्सफरचा आहे.